वरून खाली आणि खालून वर : आज्ञावली-रचनेच्या दोन दिशा आणि मराठी शब्दाचे स्थान

१. प्रास्ताविक

संगणकासाठी आज्ञावली रचण्याच्या दोन पद्धती सामान्यतः सांगितल्या जातात. पहिल्या पद्धतीत संपूर्ण कार्याचे वर्णन एका वाक्यात करून आरंभ होतो. त्या कार्याची उपकार्ये पाडली जातात, उपकार्यांचीही पुन्हा फोड केली जाते आणि संगणकाला थेट आकळतील अशा सूचनांपर्यंत पायरीपायरीने उतरले जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रथम लहान, स्वयंपूर्ण आणि पारखून घेतलेले घटक सिद्ध केले जातात. त्यांच्या जुळणीतून मोठे घटक आणि अखेरीस संपूर्ण आज्ञावली उभी राहते. 'टॉप-डाऊन' आणि 'बॉटम-अप' या रूढ संज्ञांसाठी प्रस्तुत लेखात अनुक्रमे 'अवरोही' आणि 'आरोही' या संज्ञा योजल्या आहेत.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या तांत्रिक भेदाशी काय कर्तव्य, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, आज संहिता, शब्दसूची, कोश आणि ग्रंथालयांच्या तालिका आपल्यापर्यंत आज्ञावल्यांच्या मार्फतच पोहोचतात. अक्षर कशास म्हणावे, शब्द कशास म्हणावे, दोन भाषांतील दोन शब्द 'एकाच' अर्थाचे केव्हा मानावेत, हे निर्णय अभ्यासक संगणकापुढे बसण्यापूर्वीच कोणीतरी घेतलेले असतात. आज्ञावली-रचनेची दिशा म्हणजे वस्तुतः निर्णयांचा क्रम होय, आणि आधी घेतलेला निर्णय नंतरच्या निर्णयांना बांधून टाकतो. भाषिक सामग्रीच्या बाबतीत वरचा आराखडा एका भाषेत आणि खालची सामग्री दुसऱ्या भाषेत असेल, तर दिशेचा प्रश्न सोयीचा न राहता अधिकाराचा होतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. एक उदाहरण : पंडरीचा कापड बाजार

विवेचन अमूर्त राहू नये म्हणून एक परिचित व्यवहार घेऊ. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारासाठी ओळखला जातो. या प्रदेशाशी मराठीचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी मराठी भाषकांची वस्ती येथे टिकून राहिली. अशा बाजारात एकाच वस्त्राकडे बोट दाखवून एखादा ग्राहक हिंदीत साडी, दुसरा छत्तीसगडीत लुगरा आणि तिसरा मराठीत लुगडे असे म्हणू शकतो.

समजा, अशा बाजारातील एखाद्या दुकानासाठी विक्रीची आज्ञावली रचावयाची आहे. अवरोही पद्धतीचा रचनाकार 'विक्रीची नोंद करून बिल द्यावे' या वाक्यापासून आरंभ करील. या वाक्याची फोड तो मालाची ओळख, परिमाण, किंमत, कर आणि ग्राहकाचे खाते अशा पाच उपकार्यांत करील. 'किंमत काढावी' याचा विस्तार 'परिमाणास दराने गुणावे' असा होईल आणि प्रत्येक पायरीवर संपूर्ण रचना नजरेसमोर राहील. आरोही पद्धतीचा रचनाकार मात्र गल्ल्याऐवजी मालाच्या फळीपासून निघेल. साडी नगाने विकली जाते, शर्टाचे कापड मीटरने फाडून दिले जाते, ठोक व्यवहार थानाने वा गाठीने होतो. प्रत्येक थानाची लांबी सारखी नसते आणि थानातून तुकडा फाडल्यावर उरलेले कापडही मालच असते. या वस्तुस्थितीला अनुरूप असे घटक तो आधी घडवील.

दोन्ही रचनाकारांच्या हातून चुका होतील, पण त्या निरनिराळ्या असतील. पहिल्याने गृहीत धरलेले 'परिमाण' अगदी तळाशी पोहोचल्यावर अपुरे ठरेल, कारण अर्धे फाडलेले थान नग म्हणूनही मोजता येत नाही आणि पूर्ण थान म्हणूनही नाही. दुसऱ्याचे मोजमापाचे घटक निर्दोष असतील, पण दुकान बहुतांशी उधारीवर चालत असेल, तर ग्राहकाच्या खात्याचा विचारच झाला नसल्याचे त्याला अखेरीस कळेल. अवरोही पद्धतीत तळाची अडचण उशिरा कळते, आरोही पद्धतीत हेतूची उणीव उशिरा कळते.

३. दोन्ही पद्धतींची परंपरा

अवरोही पद्धतीला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली ती १९७० च्या सुमारास. आज्ञावल्यांचा आकार वाढत होता आणि त्यांची गुंतागुंत मानवी आकलनाच्या आवाक्याबाहेर चालली होती. १९६८ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांनी आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारण्याची मुभा देणाऱ्या 'गो टू' या सूचनेवर प्रसिद्ध टीका केली. आज्ञावलीचा मजकूर आणि तिचे प्रत्यक्ष चलन यांतील अंतर कमी असावे, म्हणजेच वाचकाला मजकुरावरून चलन समजावे, हा त्या टीकेचा गाभा होता. १९७१ मध्ये निक्लाऊस विर्थ यांनी 'क्रमशः परिष्करणा'ची पद्धत मांडली. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर परस्परांच्या माऱ्यात येणार नाहीत अशा रीतीने कसे ठेवावेत, हा प्रश्न घेऊन त्यांनी प्रत्येक पायरीवर एक निर्णय घेत आज्ञावली कशी विस्तारत जाते ते दाखविले. आयबीएम या कंपनीत हार्लन मिल्स यांनी याच विचाराला व्यावहारिक रूप दिले. त्यांच्या पद्धतीत वरची चौकट आधी लिहिली जाई आणि खालच्या अपूर्ण घटकांच्या जागी नाममात्र, पोकळ घटक ठेवून ती चालवून पाहिली जाई.

आरोही परंपराही तितकीच जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून विकसित केलेल्या 'लिस्प' या भाषेत रचनाकार स्वतःच्या नव्या क्रिया घडवून त्यांना मूळ भाषेच्याच पंक्तीस बसवू शकतो. चार्ल्स मूर यांच्या 'फोर्थ' या भाषेत तर आज्ञावली लिहिणे म्हणजे शब्दकोशात नव्या शब्दांची भर घालणे होय. प्रत्येक नवा शब्द आधी सिद्ध झालेल्या शब्दांनी सांगितलेला असतो. १९९३ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी या पद्धतीचे मर्म असे मांडले की, येथे रचनाकार प्रश्नाला भाषेपर्यंत खाली आणत नाही, तर भाषेलाच प्रश्नापर्यंत वर नेतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही भूमिका सहज समजण्यासारखी आहे, कारण परिभाषा घडवीत जाणाऱ्या कोणत्याही शास्त्राची वाटचाल अशीच असते.

मात्र या परंपरांकडे दोन परस्परविरोधी संप्रदाय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. अवरोही विचाराचे प्रवर्तक मानले जाणारे डायक्स्ट्रा यांनी आइंडहोव्हेन येथे उभारलेली आणि १९६८ मध्ये वर्णिलेली संगणक-प्रणाली थरांची होती. तिचा सर्वांत खालचा थर आधी पूर्ण तपासून मगच त्यावर पुढचा थर चढविला गेला. विर्थ यांनीही पूर्वीचे निर्णय मागे घेऊन पुन्हा वर जाण्याची वेळ येते, हे आपल्या विवेचनात मान्य केले आहे.

४. दिशेपलीकडचा प्रश्न

या वादाला निराळे वळण दिले ते डेव्हिड पार्नास यांच्या १९७२ मधील निबंधाने. त्यांनी घेतलेले उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाच्या परिचयाचे आहे. संहितेतील प्रत्येक महत्त्वाचा शब्द त्याच्या संदर्भासह वर्णानुक्रमे देणारी सूची तयार करणे, हे ते उदाहरण होय. पार्नास यांनी या सूचीच्या आज्ञावलीची विभागणी दोन रीतींनी केली. पहिली रीत कार्याच्या क्रमाची : आधी वाचन, मग शब्दांची फिरवाफिरव, मग वर्णानुक्रम, मग छपाई. दुसऱ्या रीतीत प्रत्येक घटकाने बदलण्याजोगा एकेक निर्णय स्वतःच्या पोटात दडवून ठेवावयाचा होता, जेणेकरून तो निर्णय बदलला तरी बाकीच्या घटकांना धक्का पोहोचणार नाही. पहिल्या रीतीत ओळी स्मृतीत कशा साठवाव्यात हा एकच निर्णय बदलला, तरी बहुतेक सर्व घटक बदलावे लागत. दुसऱ्या रीतीत एकच.

पंडरीच्या उदाहरणात याचा प्रत्यय स्पष्ट येतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कापडावर ५ टक्के कर आला. तयार कपड्यांवर नगास १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के असे दर ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २५०० रुपये झाली आणि तिच्या पुढचा दर १८ टक्के झाला. ज्या आज्ञावलीत कराचा दर ठिकठिकाणी विखुरलेला असेल, तिची प्रत्येक वेळी मोडतोड होईल, मग ती वरून खाली रचलेली असो वा खालून वर. ज्या आज्ञावलीत तो एका घटकात बंदिस्त असेल, तिच्यात तेवढाच घटक बदलेल.

येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे. न शिवलेली साडी या करव्यवस्थेत तयार कपड्यांत न गणता कापडात गणली जाते. नेसणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र साडी हे पूर्ण वस्त्र आहे. 'कापड' आणि 'कपडे' हे दोन खण वरच्या पातळीवर आधीच आखलेले असल्यामुळे साडीला त्यांपैकी एकात बसावे लागते. तिच्या स्वतःच्या स्वरूपातून तिसरा खण निघू शकला असता, पण ती संधी अवरोही वर्गीकरणात राहत नाही. हा मुद्दा पुढे शब्दांच्या संदर्भात पुन्हा येईल.

५. वाक्यार्थविचारातील समांतर

भारतीय भाषाचिंतनात या दोन दिशांशी जुळणारा वाद प्राचीन काळीच झालेला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील अभिहितान्वयवादानुसार पदे आपापले अर्थ आधी सांगतात आणि त्या अर्थांच्या परस्परसंबंधातून वाक्यार्थ सिद्ध होतो. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'त मात्र वाक्य हेच अखंड एकक मानले आहे. पदे ही त्या अखंडातून विश्लेषणासाठी बुद्धीने वेगळी काढलेली असतात आणि या प्रक्रियेला तेथे 'अपोद्धार' असे नाव आहे. प्रभाकरांच्या अन्विताभिधानवादाने तिसरी भूमिका घेतली. पदे अर्थ सांगतात हे खरे, पण ती तो सुटेपणाने न सांगता इतर पदांशी अन्वित झालेलाच सांगतात.

ही तुलना मर्यादेतच घ्यावयास हवी. मीमांसक आणि वैयाकरण यांच्यापुढील प्रश्न झालेल्या वाक्याच्या बोधाचा होता, आज्ञावलीकारापुढील प्रश्न न झालेल्या रचनेच्या निर्मितीचा आहे. तथापि प्रभाकरांची भूमिका येथे विशेष बोधप्रद वाटते. पंडरीच्या आज्ञावलीतील 'थान' हा घटक विक्री, शिल्लक आणि मोजमाप यांच्याशी त्याचा संबंध लक्षात घेतल्याखेरीज घडविताच येत नाही. घटक आधी की संबंध आधी, हा प्रश्न व्यवहारात असा सुटा राहत नाही.

६. लिपीच्या आराखड्यातील मराठी

आता मराठीच्या संगणकीय वाटचालीतील दोन प्रकरणांकडे वळू. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेली 'इस्की' ही संकेतप्रणाली अवरोही रचनेचा उत्तम नमुना आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था मुळात समान आहे, या तत्त्वावर सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता आखण्यात आला. एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत सहज उतरविता यावा, हा त्यामागील हेतू उदात्त होता आणि तो मोठ्या प्रमाणावर सफलही झाला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी याच परंपरेवर आधारलेली आहे.

परंतु समान तक्ता वरून आखला गेल्याने एकेका भाषेच्या खास गरजा तळाशी गेल्यावर प्रकट झाल्या. मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिला समुद्र, दुसरा दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेदही तसाच. दुसऱ्या रूपातील अर्ध्या र चे चिन्ह हिंदीला लागत नाही. सामाईक तक्त्यात ऱ हे अक्षर मुख्यतः द्राविडी भाषांतील ध्वनीच्या सोयीसाठी होते. त्यालाच हलन्त जोडून मराठीचे हे रूप साधण्यात आले. त्याखेरीज साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तेच रूप मिळविण्याचा दुसरा मार्गही युनिकोडच्या आधीच्या आवृत्तीमुळे चालू राहिला. 'ॲ' या अक्षराची कथा अशीच आहे. 'ऍ' तक्त्यात आरंभापासून होता, पण मराठीत रूढ असलेल्या 'ॲ' या रूपाला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले.

यातील तोटा केवळ टंकलेखनाचा नाही. पार्नास यांच्या उदाहरणातील सूची एखाद्या मराठी कादंबरीसाठी करावयाची आहे, असे समजू. संहितेतील निम्म्या ठिकाणी 'दऱ्या' एका मार्गाने आणि निम्म्या ठिकाणी दुसऱ्या मार्गाने उमटला असेल, तर वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील, मात्र दोन्ही मार्गांना एकरूप न मानणाऱ्या साध्या शोधात निम्मे उल्लेख सापडणार नाहीत. अभ्यासक मात्र 'या लेखकाच्या गद्यात हा शब्द विरळ आहे' असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. आराखड्यातील दोष अशा रीतीने साहित्यविषयक विधानाच्या रूपाने बाहेर येतो, आणि तेथे तो दोष म्हणून ओळखूही येत नाही.

७. शब्दजालातील मराठी

दुसरे प्रकरण कोशाचे आहे. जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून इंग्रजीचे 'वर्डनेट' उभे राहू लागले. त्यात शब्दांची मांडणी वर्णानुक्रमाऐवजी अर्थाने होते. एका संकल्पनेचे समानार्थी शब्द एका संचात येतात आणि संच परस्परांशी सामान्य-विशेष, अंश-अंशी अशा संबंधांनी जोडले जातात. इतर भाषांसाठी असे जाल कसे विणावे, याचे दोन मार्ग १९९६ ते १९९९ या काळातील युरोपीय प्रकल्पात स्पष्ट झाले. पहिला विस्ताराचा : एका भाषेतील तयार संच घेऊन त्यांत दुसऱ्या भाषेचे शब्द भरावयाचे. दुसरा संमीलनाचा : प्रत्येक भाषेचे जाल तिच्या स्वतःच्या सामग्रीतून विणून मग ती जाले परस्परांशी जोडावयाची. पहिला मार्ग अवरोही, दुसरा आरोही, हे वेगळे सांगावयास नको.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हिंदीचे वर्डनेट सिद्ध केले. मराठीचे वर्डनेट त्याच्या आधाराने, विस्ताराच्या मार्गाने रचले गेले. पुढे अनेक भारतीय भाषांची वर्डनेटे याच सूत्रात ओवली गेली. त्यांपैकी कोंकणीचे काम गोवा विद्यापीठात झाले. या मार्गाचे लाभ निर्विवाद आहेत. काम वेगाने होते आणि भाषांमधील दुवे आपोआप सिद्ध होतात. तौलनिक अभ्यासकाला असे दुवे एरवी आयुष्यभर खपूनही मिळाले नसते.

तरी पंडरीतील साडीकडे पुन्हा वळले म्हणजे या मार्गाची किंमत लक्षात येते. हिंदीतील 'साड़ी' या संकल्पनेचा संच मराठी कोशकारापुढे आला, तर तो त्यात साडी, लुगडे आणि पातळ हे तिन्ही शब्द भरू शकतो. तसे करणे चूक नाही, पण अपुरे आहे. 'लुगडे' या शब्दात नऊवारी नेसण आहे, 'पातळ' या शब्दात वस्त्राच्या पोताची आणि नागर होत गेलेल्या वेशाची स्मृती आहे, तर 'साडी'ने या दोहोंना मागे सारले. तीन शब्दांतील हा भेद मराठी कथात्म वाङ्मयात स्त्रीचे वय, जात, गाव आणि काळ सुचवितो. समानार्थाच्या एकाच संचात तो दिसेनासा होतो. मराठीतूनच आरंभ केला असता, तर येथे कदाचित तीन संच पडले असते आणि मग 'लुगड्या'चा सर्वांत जवळचा आप्त हिंदीतील 'साड़ी'ऐवजी छत्तीसगडीतील 'लुगरा' आहे, हेही उघड झाले असते. विस्ताराच्या मार्गात हा शेजार दिसत नाही, कारण दोन्ही शब्द वरच्या एकाच संकल्पनेखाली, एकमेकांकडे पाठ करून बसतात.

भारतीय वर्डनेटच्या रचनाकारांना या मर्यादेची जाणीव होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. सर्व भाषांना समान, सर्व भारतीय भाषांना समान, एका भाषाकुळापुरते आणि एकाच भाषेपुरते असे संचांचे वर्गीकरण त्यांनी केले. भाषाविशिष्ट संचांना असे स्थान मिळणे म्हणजे अवरोही आराखड्यात आरोही वाट मोकळी ठेवणेच होय. प्रश्न उरतो तो त्या वाटेने कोण आणि किती येतो हा. कारण भरावयाचे खण समोर असले की माणूस ते भरतो, नवे खण मागावयास क्वचितच जातो.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, कोणतीही मोठी रचना निव्वळ अवरोही वा निव्वळ आरोही नसते. रचनाकार वर-खाली ये-जा करीतच पुढे सरकतो. पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, रचना प्रत्यक्षात सरळ क्रमाने घडत नाही, तरी ती तशी घडली असावी अशा रीतीने तिचे दस्तऐवज लिहावेत, कारण वाचकाला तेच उपयोगी पडते. डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये आज्ञावलीकडे वाङ्मयकृतीप्रमाणे पाहण्याची कल्पना मांडताना दोन्ही दिशांचे बंधन नाकारून, आकलनाला सुलभ असा क्रम लेखकाने निवडावा, असे सुचविले. निर्मितीचा क्रम आणि निवेदनाचा क्रम भिन्न असतात, हे कथनमीमांसेच्या अभ्यासकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

दुसरी, दिशेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की, जो निर्णय बदलावा लागण्याची शक्यता आहे तो बदलता येईल अशा रीतीने ठेवला आहे किंवा नाही. कराचा दर, अक्षराचा संकेत आणि समानार्थाची व्याख्या हे तिन्ही अशा प्रकारचे निर्णय आहेत.

तिसरी गोष्ट आपल्या क्षेत्राची आहे. संगणकीय कोश आणि सूची यांचा आधार घेऊन तौलनिक विधान करताना, ती साधने कोणत्या भाषेतून आरंभ करून रचली गेली, हे विचारणे हा संहिताचिकित्सेचाच भाग मानला पाहिजे. हस्तलिखिताची परंपरा तपासल्याखेरीज आपण पाठ स्वीकारीत नाही. आज्ञावलीने दिलेल्या सूचीलाही हाच नियम लागू व्हावा. मराठीतील, तसेच छत्तीसगडीसारख्या शेजारभाषेतील शब्द वरच्या खणांत बसत नसतील, तर ते खालून नोंदवून वर पाठविण्याचे काम संगणकतज्ज्ञ एकट्याने करू शकणार नाही. शब्दांतील असे भेद ओळखणे हे भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे, आणि ते त्याने आराखडा पक्का होण्यापूर्वी केले तर त्याचा उपयोग अधिक.